दुर्मीळ आणि मुलगा-मुलगी दोघांनाही शोभणारे नाव कसे पारखावे: ‘ऋत’च्या निमित्ताने

नाव वेगळे असावे, वर्गात त्या नावाचे दुसरे मूल नसावे आणि मुलगा होवो किंवा मुलगी, दोघांनाही ते शोभावे, अशी अपेक्षा ठेवणारे आईवडील आता नाशिकमध्ये सर्रास भेटतात. मी मराठी शिकवते, त्यामुळे बारशाच्या आधी दोन-चार नावांची चिठ्ठी घेऊन ओळखीची मंडळी येतात आणि बहुतेक वेळा पहिला प्रश्न अर्थाचा विचारतात. अर्थ महत्त्वाचा आहेच. पण मुलाला रोज ज्याला तोंड द्यावे लागते ते नावाच्या उच्चाराला आणि लेखनाला, आणि या दोन्ही गोष्टी बारशाच्या आधी तपासून घेण्याची पद्धत आपल्याकडे जवळजवळ नाही. म्हणून ‘ऋत’ हे एक नाव उदाहरणासाठी घेऊन ही तपासणी कशी करावी ते येथे सविस्तर मांडते. आपल्या मनातले नाव दुसरे असले तरी तपासणी अशीच करता येईल.

ऋत हा ऋग्वेदातील फार मोठा शब्द आहे. सूर्य वेळेवर उगवतो, ऋतू क्रमाने येतात, नद्या वाहत राहतात, तो सृष्टीचा नियम म्हणजे ऋत, आणि माणसाच्या वाणीतले व आचरणातले सत्य तेही ऋतच. वरुण आणि मित्र या देवता त्याचे रक्षण करतात असे मानले आहे. त्याच्या उलट ते अनृत. संस्कृतात हे नाम नपुंसकलिंगी आहे, त्यामुळे ते मुलाला द्यावे की मुलीला, याबाबत मूळ शब्द कोणतीच सक्ती करत नाही. अर्थाची खात्री मात्र बाळांच्या नावांच्या संकेतस्थळांवरून करू नये, कारण तेथे एकाच नावाला ‘चंद्र’, ‘फूल’ आणि ‘देवाचा आशीर्वाद’ असे तीन अर्थ शेजारी शेजारी दिलेले दिसतात. वामन शिवराम आपटे यांचा १८९० मध्ये प्रसिद्ध झालेला संस्कृत-इंग्रजी कोश आता इंटरनेटवरही पाहता येतो, आणि छापील कोश हाताळायचा असेल तर नाशिकमध्ये १८४० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय आहेच. संस्कृत म्हणून सांगितलेला शब्द कोशात सापडला नाही, तर तो बहुधा नव्याने जुळवलेला आहे असे समजावे. तसे नाव ठेवण्यात काही वावगे नाही, फक्त त्याला पुराणातला अर्थ चिकटवू नये.

नाव खरोखर दोघांचे आहे का

मुलगा आणि मुलगी दोघांना चालणारी नावे ही आजची टूम नव्हे. यष्टिरक्षक किरण मोरे आणि पोलीस अधिकारी किरण बेदी ही दोन्ही नावे आपल्या तोंडी कधीचीच आहेत. शशी, स्नेहल, शीतल ही नावेही दोन्हीकडे आढळतात. सुमन हे नाव आपल्याकडे बाईचे, पण हिंदी भाषक प्रदेशात पुरुषांचेही आहे. खेड्यांत तर गुलाब आणि हिरा ही नावे दोघांनाही ठेवली जात, आणि पुढे जोडलेल्या ‘राव’ किंवा ‘बाई’ने प्रश्न आपोआप सुटे. आता राव आणि बाई दोन्ही नावांतून गेले आहेत, म्हणून आज असे नाव एकटे उभे राहते तेव्हा ते अधिक नवे वाटते.

येथे एक फरक नीट समजून घ्यावा लागतो. काही नावे देवनागरीतच दोघांची असतात, तर काही केवळ इंग्रजी स्पेलिंगमुळे तशी दिसतात. आर्य आणि आर्या, दिव्य आणि दिव्या, सौम्य आणि सौम्या या मराठीत सरळ वेगवेगळ्या जोड्या आहेत. इंग्रजीत लिहिताना शेवटच्या ‘अ’ला आणि ‘आ’ला एकच ‘ए’ लागतो, म्हणून त्या एक होतात. आपल्याला पहिल्या प्रकारचे नाव हवे आहे की दुसऱ्या, हे आधी ठरवावे. पारख सोपी आहे. नाव देवनागरीत लिहून त्यापुढे आधी ‘आला’ आणि मग ‘आली’ हे क्रियापद ठेवावे, आणि ती दोन वाक्ये घरातल्या चौघांना मोठ्याने वाचायला सांगावी. ‘ऋत शाळेतून आला’ आणि ‘ऋत शाळेतून आली’ ही दोन्ही वाक्ये जिभेवर अडत नाहीत. मुलगी असेल तर कोणीतरी लगेच ‘ऋता’ म्हणू लागेल, हेही या वेळीच कळते. ते आपल्याला चालणार नसेल तर पहिल्या दिवसापासून दुरुस्त करावे लागते, कारण एकदा आजीच्या तोंडी ‘ऋता’ बसले की ते कागदावरच्या नावाला मागे टाकते.

घरगुती रूपांचाही विचार करावा. मराठीत मुलाच्या नावाला लाडाने ‘या’ लागतो आणि मुलीच्या नावाला ‘ए’. म्हणजे मित्रांच्या टोळक्यात मुलाचा ‘ऋत्या’ होणार आणि मुलीची ‘ऋते’ होणार. हाक मारताना आपण शेवटचा स्वर लांबवतो, आणि ‘ऋत’ला शेवटी लांबवण्याजोगा स्वर नाही. दुसऱ्या मजल्यावरून खाली खेळणाऱ्या मुलाला हे नाव घेऊन हाक मारून पाहिली म्हणजे घरी त्याचे ‘ऋतू’ होणार हे लक्षात येते. ते गोड आहे, पण ऋतुजा आणि ऋतुराज यांनाही घरी ‘ऋतू’च म्हणतात.

दुर्मीळ म्हणजे किती दुर्मीळ

नावाची लोकप्रियता मोजण्याची अधिकृत यादी अमेरिकेत आहे. तेथील सामाजिक सुरक्षा प्रशासन १८८० पासूनच्या जन्मांची नावे दरवर्षी जाहीर करते आणि ज्या वर्षी एखादे नाव पाचपेक्षा कमी मुलांना दिले गेले असेल, त्या वर्षीच्या यादीत ते छापत नाही. इंग्लंड आणि वेल्सचे सांख्यिकी कार्यालयही अशी यादी काढते. तेथे ही मर्यादा तीन आहे. भारतात प्रत्येक जन्माची नोंद करणे बंधनकारक असले तरी नावांची अशी वार्षिक यादी प्रसिद्ध होत नाही. त्यामुळे एखाद्या संकेतस्थळाने नावापुढे तारे लावून ‘अत्यंत दुर्मीळ’ असे लिहिले असले, तर त्यामागे येथील जन्मनोंदणीचा आधार नाही हे ओळखावे. परदेशी यादीत नाव नाही म्हणजे ते सिन्नरमध्येही नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

मग आपण काय पाहावे? माझ्या मते सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे मतदारयादी. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ती यादीभागानुसार मिळते. नाशिक शहरापुरते पाहायचे तर नाशिक पूर्व, नाशिक मध्य, नाशिक पश्चिम आणि देवळाली हे मतदारसंघ घ्यावेत. यादीत नावासोबत वय आणि लिंग दिलेले असते, म्हणून एकाच पाहणीत दोन उत्तरे मिळतात: हे नाव आपल्या भागात आहे का, आणि असल्यास ते पुरुषाचे आहे की स्त्रीचे. आपल्या मनातले नाव किरण किंवा स्नेहलसारखे असेल, तर ते आपल्या परिसरात कोणत्या बाजूला झुकलेले आहे, हे या पाहणीतून स्पष्ट दिसते. अर्थात मतदार अठरा वर्षांवरचे असतात, त्यामुळे ही यादी मागच्या पिढ्यांच्या आवडीनिवडी सांगते. आजच्या मुलांविषयी जाणून घ्यायचे असेल तर जवळच्या बालवाडीतल्या किंवा अंगणवाडीतल्या ताईंना विचारावे. कोणती नावे एका वर्गात दोनदा येतात हे त्यांच्याइतके नेमके कोणीही सांगू शकत नाही.

त्यांना विचारताना पूर्ण नावापुरते विचारू नये, सुरुवातीचा आवाजही विचारावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. वर्गात दुसरा ‘ऋत’ बहुधा नसेल. पण रुद्र, रुद्राक्ष, ऋग्वेद, ऋत्विक, ऋतुजा, ऋषिकेश ही सगळी मुले एकाच ‘रु’ने सुरू होतात, आणि बाईंनी ‘रु...’ एवढे उच्चारताच चार माना वर होतात. नाव कागदावर दुर्मीळ असते आणि कानाला मात्र परिचित असते. ज्यांना वेगळेपण हवे आहे ते बहुधा कानाचे हवे असते, म्हणून शोध कानानेच घ्यावा. ‘-अंश’ आणि ‘-आन’ असा शेवट असलेल्या नावांचेही हेच झाले आहे. प्रत्येक नाव वेगळे, तरी हजेरी ऐकताना सगळी एका माळेतली वाटतात.

उच्चार

आता मुख्य भाग. ऋ हा संस्कृतात स्वर आहे आणि त्याचा मूळ उच्चार आज आपल्या दैनंदिन बोलण्यात उरलेला नाही. मराठीत त्याचा ‘रु’ झाला, हिंदीत ‘रि’ झाला, तर गुजराती, कन्नड आणि तेलुगू भाषकांच्या तोंडी तो साधारणपणे ‘रु’कडे झुकतो. म्हणून आपल्याकडचा ‘रुषिकेश’ उत्तरेत ‘रिशिकेश’ होतो. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ उच्चारला जात नाही आणि त्याच्या आधीचा उकार लांबतो. ‘फूल’ आणि ‘दूध’ म्हणताना आपण हेच करतो. त्यामुळे ‘ऋत’ हे नाव मराठी माणसाच्या तोंडून ऐकताना जवळपास ‘रूत’ असे ऐकू येते. हाच आपला प्रमाण उच्चार मानावा आणि मुलालाही तोच शिकवावा. ‘रुता’ असा शेवटचा स्वर ओढण्याची किंवा ‘रित’ म्हणण्याची गरज नाही.

हा उच्चार ठरवल्यावर तो आणखी कशाशी जुळतो ते पाहावे. मराठीत काटा रुततो, चाक चिखलात रुतते. तेव्हा ‘ऋत रुतला’ अशी चिडवाचिडवी होणार हे गृहीत धरावे. शाळेत प्रत्येक नावावर काही ना काही जोडले जातेच आणि हे त्यातले सौम्य आहे, म्हणून एवढ्यासाठी मी नाव सोडायला सांगणार नाही. हिंदी भाषकाला ‘रुत’ ऐकून ऋतू आठवतो, कारण त्यांच्याकडे रुत म्हणजे मोसम. तोच माणूस देवनागरीत ‘ऋत’ वाचेल तेव्हा मात्र ‘रित’ म्हणेल. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांमुळे, तसेच देवळालीच्या लष्करी वसाहतीमुळे नाशिकमध्ये घराशेजारी, दवाखान्यात आणि शाळेत हिंदी भाषक माणसे असतातच. त्यामुळे दोन्ही उच्चार मुलाच्या कानावर पडणार. ‘रित’ ऐकूनही मुलाने ओ द्यावी, पण स्वतःचे नाव सांगताना ‘रुत’च सांगावे, हे घरात एकमताने ठरवून ठेवावे.

प्रत्यक्ष तपासणी अशी करावी. नाव एका कोऱ्या कागदावर फक्त देवनागरीत लिहावे आणि आपण स्वतः न उच्चारता ते तीन प्रकारच्या माणसांपुढे ठेवावे: घरातले किंवा गावाकडचे एक वयस्कर माणूस, एक हिंदी भाषक आणि मराठी वाचनाची सवय नसलेले इंग्रजी माध्यमातले एक मूल. प्रत्येकाने पहिल्यांदा काय वाचले तेच खरे धरावे. दुरुस्त करून दुसऱ्यांदा म्हणायला लावलेला उच्चार मोजू नये. त्यानंतर उलट बाजूने तपासावे. एखाद्या नातेवाइकाला फोन करून नाव फक्त सांगावे आणि ‘जसे ऐकू आले तसे मराठीत आणि इंग्रजीत लिहून पाठवा’ असे म्हणावे. ‘रुत’, ‘ऋत’, ‘रूत’, ‘ऋतु’ असे जे काही येईल, तेच पुढे शाळेच्या हजेरीपटावर आणि दवाखान्याच्या केसपेपरवर उमटणार आहे. फोनमधली मजकूर वाचून दाखवण्याची सोय एकदा मराठीवर आणि एकदा हिंदीवर ठेवून नाव ऐकणेही चांगले, कारण आजकाल रांगेत नाव पुकारणारे यंत्रच असते.

दुसऱ्या नावांनाही ही चाळणी लावता येते. बकुळ हे नाव घ्या. आपल्याकडे ते मुलीचे, गुजरातीत ‘बकुल’ पुरुषांचेही. म्हणजे दोघांना चालणारे आणि अजून फारसे न रुळलेले सुंदर नाव आहे. पण त्यातला ळ हिंदीत ल होतो, इंग्रजीत तर त्याला अक्षरच नाही, आणि बागलाण, कळवण, मालेगावकडच्या अहिराणी बोलणाऱ्या आजीच्या तोंडी डोळ्याचा ‘डोया’ होतो तसा या ळचाही ‘य’ होऊ शकतो. आजीच्या त्या उच्चारात मला काही उणे वाटत नाही. तो तिच्या भाषेचा नियम आहे आणि नाव निवडताना तो माहीत असावा, इतकेच. ज्ञ असलेल्या नावांना मराठीत ‘द्न्य’, हिंदीत ‘ग्य’ आणि गुजरातीत ‘ग्न’ अशी तीन रूपे मिळतात, म्हणून एकच उच्चार टिकावा असा आग्रह असलेल्यांनी ज्ञ टाळलेला बरा.

इंग्रजी स्पेलिंग

‘ऋत’चे इंग्रजी लेखन हा या नावाचा सर्वांत अवघड भाग आहे. ‘आर-यू-टी’ हे आपल्या प्रदेशाच्या रिवाजाला धरून आहे, कारण महाराष्ट्रात ऋतुजा, ऋतुराज आणि रुषिकेश सहसा ‘यू’ने लिहिले जातात. इंग्रजीत मात्र याच तीन अक्षरांचा उच्चार ‘रट’ होतो आणि त्याचा अर्थ गाडीच्या चाकाने पडलेली चाकोरी किंवा हरणांचा माजाचा काळ असा आहे. ‘आर-आय-टी’ लिहिले की मराठी उच्चार हातचा जातो आणि ऐकणाऱ्याला न्यायालयातली रिट याचिका आठवते. शेवटी ‘ए’ जोडला तर सगळे ‘रुता’ वाचतात. ‘एच’ जोडून ‘आर-यू-टी-एच’ केले तर बंगळूर-हैदराबादकडे त्याचा त बरोबर उच्चारला जाईल, कारण दक्षिणेत त ‘टी-एच’ने लिहितात, पण बाकी जगात ते बायबलमधले रूथ हे स्त्रीचे नाव ठरेल. सुरुवातीला ‘एच’ लावण्याची फॅशन तर या नावासाठी अगदी टाळावी, कारण ते परत देवनागरीत आणताना कोणी ‘हृत’ लिहिले तर त्याचा अर्थ ‘हरण केलेले’ असा होतो.

माझे मत स्पष्ट आहे. मूल महाराष्ट्रात वाढणार असेल तर ‘आर-यू-टी’ ठेवावे आणि त्यात अंकशास्त्रासाठी जादा ‘यू’ किंवा जादा ‘टी’ घालू नये, कारण ते जादा अक्षर प्रत्येक अर्जात कोणीतरी गाळते आणि मग दोन कागदांवर दोन नावे होतात. इंग्रजी भाषक देशात स्थायिक होण्याचे ठरलेच असेल तर ऋत हे नाव कितीही आवडले तरी पाळण्यातले किंवा घरगुती नाव म्हणून ठेवावे आणि कागदोपत्री दुसरे द्यावे.

पत्रिकेतले अक्षर पाहणाऱ्या घरांसाठी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. नावाच्या आद्याक्षरांच्या पारंपरिक कोष्टकात ऋ हे वेगळे अक्षर नाही. ‘री’ हे चित्रा नक्षत्राच्या चौथ्या चरणाचे आणि ‘रू’ हे स्वाती नक्षत्राच्या पहिल्या चरणाचे अक्षर आहे. दोन्ही तूळ राशीतच येतात. म्हणजे ऋचा उच्चार काय मानला यावर नक्षत्र बदलते. गुरुजींना विचारताना आपण ‘रुत’ म्हणणार आहोत हे आधीच सांगावे, नाहीतर बारशाच्या दिवशी आत्या कानात एक म्हणते आणि पत्रिकेत दुसरेच असते.

नोंदणी

जन्माची नोंद आईवडील राहतात तेथे होत नाही, जन्म जेथे झाला तेथे होते. निफाडच्या किंवा सिन्नरच्या जोडप्याचे बाळ नाशिक शहरातल्या रुग्णालयात जन्मले असेल तर त्यांनी ग्रामपंचायतीत न जाता महानगरपालिकेकडे जावे. पंचवटी, नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, नवीन नाशिक, सातपूर आणि नाशिकरोड असे महापालिकेचे सहा विभाग आहेत. रुग्णालय कोणत्या विभागात येते हे तेथूनच विचारून घ्यावे. जन्माची खबर २१ दिवसांच्या आत द्यायची असते, पण नाव त्याच वेळी द्यावे लागते असे नाही. नोंद नावाशिवाय करता येते, बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क भरता येते आणि त्यानंतर विलंब शुल्क देऊन पंधरा वर्षांपर्यंत भरता येते. तरीही फार लांबवू नये. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून मतदार नोंदणीपर्यंत जन्मदाखला हाच आधार मानण्याची कायद्यात तरतूद झाली आहे, त्यामुळे त्यावरचे लेखन पुढच्या प्रत्येक कागदावर जसेच्या तसे उतरते.

दुर्मीळ नावाला घाई मारक ठरते, म्हणून मिळालेल्या वेळेतले काही आठवडे वरील तपासण्यांसाठी जरूर वापरावेत. त्यात आणखी एक तपासणी जोडावी. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे शासकीय कागदांवर आधी आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहायचे, असा महाराष्ट्र शासनाचा निर्णय आहे. त्यामुळे ‘ऋत’ला लागून आता आईचे नाव येते. ते तनुजा असेल तर दोन त एकत्र येऊन ‘रुत्तनुजा’ ऐकू येते, दीपा असेल तर ‘रुद्दीपा’. मात्र आईचे नाव मानसी असेल तर नाव सुटे आणि स्वच्छ ऐकू येते. चारही शब्द सलग तीन-चार वेळा मोठ्याने म्हणून पाहावेत.

अर्ज भरताना ‘ऋ’ ठळक आणि सुटा लिहावा, कारण घाईत काढलेला ऋ टंकलेखन करणाऱ्याला क्र किंवा त्र वाटतो. शक्य झाल्यास नाव घरी मोठ्या अक्षरांत छापून अर्जाला जोडावे. दाखला अंतिम होण्यापूर्वी संगणकाच्या पडद्यावरचे मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही रूपे एक-एक अक्षर करून वाचावीत: पहिले अक्षर ऱ्हस्व ऋ आहे, दीर्घ ॠ किंवा ‘रु’ नाही, इंग्रजीत ‘आर’, ‘यू’, ‘टी’ एवढीच तीन अक्षरे आहेत आणि शेवटी ‘ए’ शिरलेला नाही, लिंगाच्या रकान्यात योग्य नोंद आहे. हा रकाना इतर मुलांच्या बाबतीत नजरचुकीने सुटला तरी नावावरून कोणाच्या तरी लक्षात येतो. दोघांना चालणाऱ्या नावाला तो आधार नसतो, म्हणून तो दोनदा पाहावा आणि मगच दाखल्याच्या प्रती घ्याव्यात.